सूज

परळला तिसऱ्या मजल्यावर, मेणाचा वास मुरलेल्या खोलीत
मी सव्वीस वर्षं माणसांचे काप काढते.
तीन मायक्रॉन. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कोमट पाण्यावर तो तरंगतो,
सुरकुती पडू न देता काचेवर घ्यायचा,
साय उचलावी तसा.
मग रंग. केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी,
शिवडीच्या चिखलात उतरलेल्या रोहित पक्ष्यांचं गुलाबी.

ब्लॉक एक्केचाळीस-सतरा.
तुळाजी घोणे, वय त्रेपन्न, मुक्काम देवगड. फुप्फुस.
मुलगा रोज खिडकीशी येतो.
"मॅडम, सूजच आहे ना नुसती?"
डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
सव्वीस वर्षं हेच म्हणते.

डॉक्टर दुबाश मला दुसऱ्या नळीला डोळा लावायला सांगतात.
"बघ नी, हेमा."
काठावर बारीक काळे ठिपके, एकमेकांना चिकटून:
टी पेशी, मारायला आलेल्या.
आत एकही नाही.
पास नसलेल्या नातेवाइकांसारख्या
गेटाबाहेर, हातात थर्मास धरून.
काहींचं दार ठोठावून ठोठावून बळच सरलेलं.

आणि आत, गाठीच्या पोटात,
थोराड, फेसाळ, पसरलेल्या भक्षक पेशी.
"आपल्याच आहेत ह्या," डॉक्टर म्हणतात,
"ह्याच तिला रक्ताच्या नळ्या ओढून देतात,
ह्याच बाहेरच्यांना सांगतात, जा, इथे काही झालेलं नाही."
कुंपणच शेत खातंय, मी म्हणाले.
त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.
"त्यांना वाटतं ही जखम आहे गं.
भरून काढतायत बिचाऱ्या.
पुरे, असं कोणी म्हटलंच नाही त्यांना."

दुपारी ब्लेड बदलताना माझं बोट कापलं.
संध्याकाळी ठणका, लाली, ऊब.
आत कोण कोण धावलं असेल न बोलावता,
लढलं, मेलं,
मेलेल्यांना उचलणारे आले, टाके घातले,
आणि आठवड्याने कुणीच नव्हतं तिथे.
फक्त एक रेष.

गाठीतले उठतच नाहीत.
बारावं उलटलं तरी राहिलेले पाहुणे:
चहा टाकतात, अंथरुणं घालतात, दळण आणतात,
मग एक दिवस घरातलंच माणूस
त्यांना विचारतं, मी आत येऊ का.

सहा महिन्यांनी, आठ सलाइननंतर,
घोण्यांचा दुसरा तुकडा आला.
ठिपके आत.
गाठीच्या पेशींमधून वाट काढत, त्यांना पोखरत,
जिकडे तिकडे पाणी धरलेलं, फुगलेलं.
औषधाने पास दिला होता.
आई म्हणायची, सुजेला बाळसं समजू नये.
आई, ही सूज बघायला हवी होतीस.

त्याच आठवड्यात त्याच नावाची आणखी एक डबी.
आतडं.
तिथेही तेच ठिपके, तितकेच दाट.
तिथे गाठ नव्हती.
चांगली धडधाकट भिंत, आणि हे तिच्यावर तुटून पडलेले.
मी काप दोनदा काढला.
लेबल बघितलं, पुन्हा बघितलं.

मुलगा खिडकीशी.
आता त्याच्या दाढीत पांढरा केस आहे.
"मॅडम, सूज आहे का?"
आहे, मी म्हणाले.
"चांगली की वाईट?"

मागे डॉक्टर दुबाश फोनवर होत्या.
मी बोटावरची रेष अंगठ्याने चोळत राहिले.
"फुप्फुसातली चांगली," मी म्हणाले.
"पोटातली नाही. तिला गोळ्या देतील, ती दाबतील.
फार दाबली तर वरची पण दबेल.
ते डॉक्टरांना विचारा."

त्याने खिशातून पेन काढलं.
कागद नव्हता.
तळहातावर लिहिलं: वर चांगली. खाली वाईट.
मग मूठ मिटली, घामाने पुसेल म्हणून लगेच उघडली,
आणि हात तसाच पुढे धरून
जिना उतरून गेला.